'आगामी कार्यक्रम' : चित्रपटगृहाच्या जाहिरातीची संहिता आणि इतिहासलेखनाचा प्रश्न

१

चित्रपटाचा इतिहास बहुधा चित्रपटांच्या नामावळीतून लिहिला जातो. दिग्दर्शक, निर्मितिसंस्था, प्रथम प्रदर्शनाचे वर्ष आणि कथानक या चार खुंट्यांवर तो टांगलेला असतो. प्रेक्षक मात्र चित्रपटाकडे या वाटेने आलेला नाही. तो आला 'खेळा'ला. आणि खेळ म्हणजे ठरावीक दिवशी, ठरावीक वास्तूत, ठरावीक दराने आणि ठरावीक क्रमाने मांडलेल्या अनेक गोष्टींचा संच. या संचाची लेखी खूण म्हणजे चित्रपटगृहाची जाहिरात : वर्तमानपत्रातील चौकट, भिंतीवरचे पत्रक, हातोहात वाटलेला कागद, दारावरचा 'आगामी कार्यक्रमां'चा फलक. अभ्यासकांनी या लेखनाकडे आजवर केवळ साधन म्हणून पाहिले. तारीख पडताळली आणि कागद बाजूला ठेवला. ही जाहिरात स्वतंत्र संहिता म्हणून वाचली तर काय हाती लागते, आणि ती तशी न वाचल्यामुळे आपल्या इतिहासातून काय गळून गेले, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी छोटे, स्वतंत्र चित्रपटगृह हे विशेष सोयीचे स्थळ ठरते. मोठ्या साखळीतील चित्रपटगृहात काय लागणार हे प्रामुख्याने वितरणव्यवस्था ठरवते. छोट्या चित्रपटगृहाचा चालक स्वतः निवड करतो, क्रम लावतो, चित्रपटाच्या जोडीला गायन, वादन, व्याख्यान किंवा मुलाखत ठेवतो. आज अशी चित्रपटगृहे मूकपटाबरोबर प्रत्यक्ष वाद्यसंगीत, दिग्दर्शकाशी संवाद, काव्यवाचन असे कार्यक्रम जाहीर करतात, तेव्हा घरबसल्या चित्रपट पाहण्याच्या काळात तगून राहण्याची ती एक नवी युक्ती समजली जाते. मुंबईतील आरंभीच्या काळातील जाहिराती वाचल्या की या समजाला धक्का बसतो. प्रत्यक्ष सादरीकरण हे चित्रपटाला मागाहून चिकटलेले अंग नाही. चित्रपटच त्या सादरीकरणाच्या मेळ्यात एक बाब म्हणून दाखल झाला. गिरगावातील कॉरोनेशन हे या वस्तुस्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

अशा वाचनासाठी समीक्षाविचारातील तीन संकल्पना उपयोगी पडतात. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली कॉन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात साहित्येतिहासाचा पाया लेखकाकडून वाचकाकडे हलवला आणि 'अपेक्षांचे क्षितिज' ही कल्पना मांडली. जेरार झ्‌नेत याने १९८७ च्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर अशा संहितेच्या उंबरठ्यावरील लेखनाला अभ्यासविषयाचा दर्जा दिला. रेमंड विल्यम्स याने १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचा विचार करताना सुटे कार्यक्रम आणि त्यांचा अखंड 'प्रवाह' यांतील भेद दाखवला. चित्रपटगृहाची जाहिरात या तिन्ही कल्पनांच्या संगमावर उभी आहे. ती अपेक्षा घडवते, ती उंबरठ्यावर उभी असते आणि सुट्या बाबींचे एका संध्याकाळीत रूपांतर करते. फरक एवढाच की झ्‌नेतच्या विवेचनात उंबरठा एका घराचा असतो. येथे एकाच उंबरठ्यावरून अनेक घरांत प्रवेश होतो, आणि ती घरे एकमेकांची नात्यागोत्याचीही नसतात.

२

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचे खेळ झाले. त्या दिवशीच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तील जाहिरात भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभबिंदू मानली जाते. शतकातील नवल आणि जगातील आश्चर्य अशी विशेषणे तिच्यात होती. हालत्या छायाचित्रांचे जिवंत आकाराचे दर्शन घडेल असे आश्वासन होते. संध्याकाळी ६, ७, ९ आणि १० असे चार खेळ, प्रवेशमूल्य १ रुपया. पुढे सहा दृश्यांची यादी : गाडीचे आगमन, समुद्रस्नान, भिंत पाडणे, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार इत्यादी.

या यादीचा हिशेब करून पाहावा. ल्युमिएरच्या एका पटाचा अवधी सुमारे ५० सेकंद. सहा पट म्हणजे फार तर पाच मिनिटांचे चित्रदर्शन. प्रेक्षकाने मोजलेला रुपया या पाच मिनिटांपुरता नव्हता. यंत्राची मांडणी, एक पट उतरवून दुसरा चढवण्यातील थांबे, अंधार आणि उजेड यांची आलटापालट, या साऱ्यांचा मिळून तो खेळ होता. चित्र हे त्या संध्याकाळीचे शिखर. संध्याकाळ त्याहून मोठी.

१४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले आणि जाहिरातीची भाषा बदलली. दर ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत विभागले गेले. पडदानशीन स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव कक्ष असल्याचे जाहीर झाले. दृश्यांची संख्या वाढत गेली. एफ. सेमूर डव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली साजेसे संगीत वाजवले जाईल अशीही भर पडली. हॉटेलातील जाहिरात यंत्राची होती. नाट्यगृहातील जाहिरात संध्याकाळीची झाली. पहिलीत वाचकाला 'काय दिसेल' ते सांगितले आहे. दुसरीत 'कोठे बसाल, कोणाबरोबर बसाल, काय ऐकाल' तेही सांगितले आहे. यंत्र तेच आणि पटांचा प्रकारही तोच असताना अल्पावधीत झालेला हा बदल जाहिरातीखेरीज अन्यत्र इतका स्पष्ट दिसत नाही. चार आण्यांचा प्रेक्षक आणि पडद्यामागची स्त्री हे दोन वर्ग चित्रपटाच्या कल्पनेत शिरले ते चित्रांमुळे नव्हे, तर त्या जाहिरातीतील दरपत्रकामुळे आणि आसनव्यवस्थेमुळे.

३

कॉरोनेशनचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. गिरगावात सँडहर्स्ट रोडवरील या गृहाचे नावच 'सिनेमॅटोग्राफ आणि व्हरायटी हॉल' असे होते. चलच्चित्रे आणि विविध करमणूक यांत मुख्य कोणते आणि गौण कोणते, याचा निवाडा त्या नावाने केलेला नाही. मधला 'आणि' दोहोंना समान पातळीवर ठेवतो.

१८ मे १९१२ रोजी येथे 'पुंडलिक' दाखवला गेला. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचे नाव त्याच्याशी प्रामुख्याने जोडले जाते, ना. गो. चित्रे हे त्यांचे सहकारी कॉरोनेशनशी संबंधित होते. छोट्या चित्रपटगृहाने बाहेरून येणाऱ्या मालाची वाट न पाहता आपल्या प्रेक्षकासाठी आपणच चित्र तयार करण्यात भाग घ्यावा, ही घटना निर्मिती आणि प्रदर्शन यांची नंतर पक्की झालेली फारकत तेव्हा किती विरळ होती याचा पुरावा आहे.

'पुंडलिक' एकटा दाखवला गेला नाही. त्याच्या जोडीला 'ए डेड मॅन्स चाइल्ड' हा परदेशी पट होता. २५ मे १९१२ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तील जाहिरातीचा आशय असा : मुंबईतील जवळजवळ निम्म्या हिंदू वस्तीने हा पट गेल्या आठवड्यात पाहिला आहे, उरलेल्या निम्म्या वस्तीने तो कार्यक्रम बदलण्यापूर्वी पाहावा अशी इच्छा आहे. विधान अर्थातच शब्दशः घेण्याचे नाही. त्याची रचना मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. त्यात 'हिंदू वस्ती' नावाचा एक प्रेक्षकसमूह कल्पिला आहे, त्याचे पाहिलेले आणि न पाहिलेले असे दोन भाग केले आहेत, आणि दोहोंमध्ये काळाची रेषा ओढली आहे ती 'कार्यक्रम बदलण्या'ची. चित्रपट संपतो म्हणून नव्हे, तर कार्यक्रम बदलतो म्हणून प्रेक्षकाने घाई करायची आहे. त्या प्रेक्षकाच्या काळाचे माप कार्यक्रम हे होते.

पहिला भारतीय कथापट 'पुंडलिक' की 'राजा हरिश्चंद्र' हा वाद या ठिकाणी नव्याने तपासण्यासारखा आहे. 'पुंडलिक'ला अग्रमान नाकारणारे मुख्यतः असे म्हणतात की तो रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होता आणि त्यावरील तांत्रिक संस्कार परदेशात झाले. हे आक्षेप निर्मितीच्या निकषावर योग्यही असतील. परंतु त्यांच्यामागे एक गृहीतक आहे : चित्रपट ही रंगभूमीपासून तुटलेली, स्वायत्त कलाकृती असली पाहिजे. कॉरोनेशनच्या प्रेक्षकासमोर अशी तुटलेली वस्तू १९१२ मध्ये नव्हती आणि १९१३ मध्येही नव्हती. कलाकृतीच्या स्वायत्ततेची नंतर प्रस्थापित झालेली कल्पना मागे नेऊन आपण त्या काळाला प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळाले नाही की दोघांपैकी एकाला बाद करतो.

४

२१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी 'राजा हरिश्चंद्र' दाखवला गेला. या दोन तारखा पाठ्यपुस्तकांत स्थिर झाल्या आहेत. ३ मेच्या कार्यक्रमात चित्रपटाखेरीज आणखी काय होते, हे मात्र त्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. जाहिरातीनुसार मिस आयरीन डेलमार यांचे द्वंद्वगीत व नृत्य, मॅकक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारे अलेक्झांड्रॉफ यांची कसरत आणि 'टिप-टॉप' हे विनोदी पट असा तो भरगच्च बेत होता. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांचा त्याग करणाऱ्या राजाची कथा त्या प्रेक्षकाने कसरत आणि हास्य यांच्या सोबतीने पाहिली.

हा सहवास आजच्या अभ्यासकाला विसंगत वाटतो. म्हणूनच बहुधा तो वगळला जातो, किंवा गमतीची माहिती म्हणून तळटीपेत ढकलला जातो. टॉम गनिंग याने १९८६ मध्ये आरंभीच्या चित्रपटाला 'आकर्षणांचा सिनेमा' म्हटले. कथनापेक्षा दाखवण्याला, थेट नजर वेधून घेण्याला महत्त्व देणारी ती प्रवृत्ती होती, असे त्याचे प्रतिपादन आहे. कॉरोनेशनचा कार्यक्रम या प्रतिपादनाला पोषक आहे, परंतु त्यात एक दुरुस्तीही सुचवतो. येथे आकर्षण आणि कथन असे दोन टप्पे एकामागून एक येत नाहीत. ते एकाच संध्याकाळी शेजारी बसतात. फाळक्यांचा पट पौराणिक कथनाकडे झुकतो, आणि त्याच्या शेजारची कसरत त्याला आकर्षणांच्या पंगतीत ओढते.

या शेजाराचा सर्वांत महत्त्वाचा अन्वयार्थ स्त्रीच्या दर्शनाशी संबंधित आहे. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, कारण त्या कामासाठी स्त्री मिळाली नाही. ही हकिकत चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात येते आणि तत्कालीन समाजाचे निदर्शक म्हणून तिचा उपयोग केला जातो. पण ३ मेचा कार्यक्रम समग्र वाचला तर चित्र गुंतागुंतीचे होते. त्याच गृहात, त्याच संध्याकाळी, पडद्यावर पुरुष स्त्रीवेषात आहे आणि रंगमंचावर स्त्री प्रत्यक्ष नृत्य करते आहे. म्हणजे स्त्रीचे सार्वजनिक दर्शन त्या प्रेक्षकाला अपरिचित नव्हते. निषेध होता तो विशिष्ट स्त्रीच्या दर्शनाला : हिंदू, कुलीन, पतिव्रता म्हणून कल्पिलेल्या स्त्रीच्या. आयरीन डेलमार या नावाने सूचित होणारी परकी स्त्री रंगमंचावर उभी राहू शकत होती, कारण तिच्यावर ती मर्यादा लादलेली नव्हती. आणि तारामती स्त्रीदेहाने उभी राहू शकत नव्हती, कारण तिच्यावर ती पूर्णपणे लादलेली होती. केवळ चित्रपट पाहिला तर 'स्त्रियांना मज्जाव' एवढेच दिसते. कार्यक्रम पाहिला तर मज्जावाची रेषा कोठून कोठे जाते ते दिसते. इतिहासकाराने कार्यक्रमातून चित्रपट वेगळा काढला तेव्हा ही रेषाच पुसली गेली.

जाहिरातीच्या संबोधनाचाही येथे विचार केला पाहिजे. इंग्रजी वर्तमानपत्रातील त्या मजकुरात चित्रपट भारतीय पुराणकथेवर आधारलेला, बोधप्रद, भारतात तयार झालेला असल्याचे सांगून तो 'आमच्या हिंदू आश्रयदात्यां'ना खात्रीने रुचेल असे म्हटले आहे. हिंदू प्रेक्षकाला इंग्रजीतून, 'आमचे' म्हणून आणि इतरांच्या देखत संबोधले जाते. याचा अर्थ गृहाचा प्रेक्षक एकजिनसी नाही याची जाहिरातकर्त्याला जाणीव आहे. एका वर्गासाठी हरिश्चंद्र, दुसऱ्यासाठी विनोदी प्रवेश, आणि दोन्ही वर्गांना दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतील अशी मांडणी. फाळक्यांनी 'नवयुग' मासिकातील १९१७-१८ च्या लेखांत आपल्या उद्योगाची स्वदेशी भूमिका मांडली आणि पुढे राष्ट्रीय चित्रपटाची कथा तिच्या आधारे रचली गेली. ती भूमिका प्रामाणिक होती यात शंका नाही. तथापि तिचा पहिला सार्वजनिक अवतार वसाहतकालीन शहराच्या मिश्र करमणुकीत झाला, हे जाहिरात विसरू देत नाही.

५

असा मिश्र कार्यक्रम ही केवळ पाश्चात्त्य 'व्हरायटी'ची नक्कल होती, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. मराठी प्रेक्षकाला अनेक अंगांच्या संध्याकाळीची सवय आधीपासून होती. कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण आणि उत्तररंगाचे आख्यान असते. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो; देवस्तुती, शृंगार, विनोद आणि कथा एकाच बैठकीत येतात. गंभीर नाटकानंतर फार्स करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीने रूढ केली होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० नंतरच्या काळात 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ केले. त्यांत प्रकाशचित्रांच्या जोडीला निवेदन आणि गायन होते. चित्र दाखवणे आणि माणसाने समोर उभे राहून बोलणे या दोन क्रिया तेथे अविभाज्य होत्या.

या परंपरा आणि कॉरोनेशनचा कार्यक्रम यांत एक मूलगामी भेदही आहे. कीर्तनात पूर्वरंग उत्तररंगाची भूमी तयार करतो; तमाशात गण आधी येतो आणि वग नंतर, हा क्रम उलटता येत नाही. क्रमाला अर्थ आहे आणि तो अर्थ परंपरेने दिलेला आहे. कॉरोनेशनच्या यादीतील बाबींची अदलाबदल केली तर कोणताही संकेत मोडत नाही. अर्थ क्रमातून न निघता सान्निध्यातून निघतो. क्रमाच्या संकेतात मुरलेला प्रेक्षक सान्निध्याच्या संकेतात प्रवेश करतो, या संक्रमणाची सर्वांत जुनी मराठी खूण या जाहिरातींत सापडते. आधुनिक नियतकालिकाच्या पानावर कविता, वैचारिक लेख आणि औषधाची जाहिरात शेजारी येऊ लागली ते याच संक्रमणाचे दुसरे रूप होय.

फाळक्यांना या सवयीचे पुरेपूर भान होते. 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) दाखवताना त्यांनी 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी पट जोडीला दिला. 'आगकाड्यांची मौज'सारखे लहान पट त्यांनी केले. आख्यान आणि गंमत यांची जोड बाहेरून न आणता ती आपल्याच कारखान्यात तयार करण्याचा तो प्रयत्न होता. ते स्वतः 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोग करीत, हेही येथे लक्षात घ्यावे. चित्रपटाचा जनक म्हणून गौरवला गेलेला हा पुरुष रंगमंचावरचा प्रत्यक्ष कलावंतही होता. त्याच्या दोन भूमिकांत आपण मानतो तेवढे अंतर नव्हते.

'राजा हरिश्चंद्र'च्या सुरतेतील खेळांची एक हकिकत सांगितली जाते. तेथील प्रेक्षकाला थोड्या पैशांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय; दीड तासाचा खेळ त्याला महाग वाटला आणि पहिल्या दिवसाचे उत्पन्न तीन रुपयांवर थांबले. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात काढली : ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, अवघ्या तीन आण्यांत. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी असतात. ५७,००० चौकटींची फीत सुमारे ३,५६० फूट भरते. म्हणजे ती पाऊण मैलही होत नाही. जाहिरातीतील दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही नव्हती. वेळेच्या मापात नाटकाशी स्पर्धा करता येत नाही असे दिसताच माप बदलले गेले. तास जाऊन संख्या आणि लांबी आली. मूल्यमापनाचा निकषच प्रेक्षकाच्या हातून काढून घेऊन दुसरा देण्याचे हे कौशल्य आहे. याउसच्या परिभाषेत सांगायचे तर कलाकृती अपेक्षांच्या क्षितिजाशी झगडते. सुरतेत तो झगडा कलाकृतीने केला नाही, तिच्या आधी पोहोचलेल्या जाहिरातीने केला.

६

मूकपटाच्या काळातील प्रत्येक खेळ काही प्रमाणात प्रत्यक्ष प्रयोगच होता. यंत्र हाताने फिरवले जाई, त्यामुळे गती माणसाच्या हातावर अवलंबून असे. पेटी-तबल्याची साथ असे; अक्षरओळख नसलेल्यांसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचला जाई. एकच पट दोन गृहांत, किंवा एकाच गृहात दोन रात्री, तंतोतंत सारखा होत नसे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि ही स्थिती पालटू लागली. आवाज फितीवर आला आणि गृहातील वादक अनावश्यक झाला.

पुढच्याच वर्षी प्रभातने 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा मराठी बोलपट सादर केला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. तारामती आता दुर्गा खोटे होत्या : कुलीन घरातील, सुशिक्षित स्त्री. १९१३ मध्ये रंगमंचावरची स्त्री आणि पडद्यावरची स्त्री यांत जी फट होती ती येथे बुजली, आणि त्याच सुमारास रंगमंचच गृहातून बाहेर पडला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई करू नये. परंतु एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच कथा दोन वेगळ्या कार्यक्रमांत पाहिली तर कळते की चित्रपट पूर्ण झाला तेव्हा कार्यक्रम रिता झाला. प्रेक्षकाला पडद्यावर अधिक मिळाले आणि पडद्यासमोर कमी.

कार्यक्रमाची कल्पना यानंतर जिवंत राहिली ती मुख्यतः बाजारपेठेच्या कडेला. लंडनच्या फिल्म सोसायटीने १९२५ पासून निवडक पटांचे खेळ आणि त्यासोबत टिपणे देण्याचा पायंडा पाडला होता. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. चित्रपटापूर्वीचे प्रास्ताविक, नंतरची चर्चा, हाती दिलेले टिपण या स्वरूपात प्रत्यक्ष बोलणारा माणूस पुन्हा पडद्यासमोर उभा राहिला. मराठीतील चित्रपटसमीक्षेची परिभाषा बऱ्याच अंशी अशाच मंडळांच्या टिपणांतून आणि चर्चांतून घडली. मात्र कॉरोनेशन आणि चित्रपटमंडळ यांत एक फरक राहिला. कॉरोनेशनने विजातीय गोष्टी शेजारी ठेवल्या. मंडळांनी सजातीय गोष्टींची मालिका लावली. एका दिग्दर्शकाचे, एका देशाचे, एका प्रवृत्तीचे चित्रपट एकत्र पाहण्याने जाण वाढली, तसा प्रेक्षकही आपल्यासारख्याच प्रेक्षकांत बसू लागला. कसरत पाहायला आलेल्याला हरिश्चंद्र भेटावा, ही शक्यता कमी झाली.

आजच्या छोट्या चित्रपटगृहाचा 'आगामी कार्यक्रम' या दोन्ही वारशांच्या मध्ये उभा आहे. इटलीतील पोर्देनोने येथे १९८२ पासून भरणाऱ्या मूकपट महोत्सवाने प्रत्यक्ष संगीतासह मूकपट पाहण्याची रीत पुन्हा प्रतिष्ठित केली आणि अनेक छोट्या गृहांनी ती उचलली. घरच्या पडद्यावर चित्रपटांचा साठा केव्हाही उघडता येतो. तेथे विल्यम्सने वर्णिलेला प्रवाह कधी खंडित होत नाही, म्हणून 'आगामी' असेही फारसे काही उरत नाही. छोट्या गृहाचा फलक मात्र तारीख सांगतो, वेळ सांगतो आणि ती चुकली तर ती संध्याकाळ परत येणार नाही हेही सांगतो. 'कार्यक्रम बदलण्यापूर्वी पाहा' हे १९१२ चे आवाहन त्याने टाकून दिलेले नाही. प्रश्न उरतो तो सान्निध्याचा. संगीत आणि चर्चा चित्रपटाच्या सेवेत उभी केली की कार्यक्रम पुन्हा एका कलाकृतीभोवतीचे मखर होतो. भिन्न आवडीचे, भिन्न स्तरांचे प्रेक्षक एका छताखाली आणणारी विसंगती तो पत्करतो का, यावर त्याचे सांस्कृतिक मोल ठरेल.

शेवटी पद्धतीचा मुद्दा. जाहिरात ही भविष्यकाळात लिहिलेली संहिता आहे आणि इतिहासकार ती भूतकाळात वाचतो. 'दाखवण्यात येईल' या वाक्याचे 'दाखवला गेला' असे रूपांतर करताना तो एक पायरी नकळत ओलांडतो. जाहिरात घडलेल्या गोष्टीची साक्ष देत नाही. ती वचनाची आणि अपेक्षेची साक्ष देते. तेवढ्यापुरती ती घटनेच्या वृत्तांताहून दुबळी आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने साहित्याच्या अभ्यासकाला ती अधिक मोलाची वाटली पाहिजे. 'पुंडलिक'ची फीत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचेच सांगितले जाते, आणि तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी नंतर पुन्हा केलेल्या पटाची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. चित्र तुटके आहे. जाहिरात अखंड आहे. या अखंड संहितेतून आपण आजवर एकच ओळ उचलली आणि तिच्यावर 'पहिला भारतीय चित्रपट' या कल्पनेची इमारत उभारली. उरलेल्या ओळींत एक नर्तिका आहे, एक कसरतपटू आहे, दोन विनोदी बाबी आहेत. त्यांना इतिहासात परत घेतल्याने फाळक्यांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. ज्या प्रेक्षकासाठी त्यांनी ते श्रम केले तो प्रेक्षक मात्र प्रथमच पूर्ण दिसू लागतो.